नव्या घरी आलेल्या प्रौढ श्वानास नावाची ओळख : शेतावरील पहिला धडा

प्रस्तावना

शेतवस्तीवरील राखण, गोठ्याची निगराणी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या कळपाची सोबत या कामांसाठी आपल्या देशात श्वानपालनाची परंपरा जुनी आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तमिळनाडूतील राजपालयम व चिप्पीपराई आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड या देशी श्वानजातींची नोंदणी केलेली आहे. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांचे श्वान कळपाच्या रक्षणासाठी प्रसिद्ध आहेत. तथापि बहुसंख्य शेतकऱ्यांकडे असणारा श्वान कोणत्याही नोंदणीकृत जातीचा नसतो आणि अनेकदा तो पिल्लू म्हणूनही आलेला नसतो. कोणी शहरात स्थलांतरित होतो, कोणी कळप विकतो, एखाद्या घरातील वृद्ध मालकाचे निधन होते, आणि दोन, चार किंवा सहा वर्षे वयाचा श्वान नव्या दारात येऊन उभा राहतो.

अशा श्वानाविषयी पहिल्याच महिन्यात ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘हा ऐकत नाही’. पुढे त्यास कायमचे बांधून ठेवले जाते, मारले जाते किंवा तिसऱ्या घरी दिले जाते. वास्तविक बहुतेक प्रकरणांत श्वान हट्टी नसतो. दिवसभर कानावर पडणाऱ्या शेकडो आवाजांपैकी नेमका कोणता आवाज आपल्यासाठी आहे, हे त्यास कोणी शिकवलेलेच नसते.

शेतावर या त्रुटीची किंमत मोठी असते. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष श्वानाच्या पोटात गेल्यास जठरातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो व त्यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. नुकतीच फवारणी झालेला भाग, कठडा नसलेली विहीर, रस्त्यावरील वाहने आणि जुन्नरसारख्या भागात उसात दडलेला बिबट्या हे धोकेही आहेतच. या प्रत्येक प्रसंगी श्वान आणि संकट यांच्यामध्ये मालकाची एक हाक एवढेच अंतर असते. ती हाक ऐकून श्वानाने मान वळवली, तर पुढील उपाय शक्य होतात. प्रौढ श्वानास नावाची ओळख कशी करून द्यावी, याचे क्रमवार विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘नाव ओळखणे’ म्हणजे नेमके काय?

नाव, बोलावणे आणि आज्ञा या तीन बाबी स्वतंत्र आहेत. नावाचा अर्थ एवढाच असावा : ‘हातातील काम सोड व माझ्याकडे लक्ष दे.’ त्यानंतर ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ किंवा ‘सोड’ यांपैकी योग्य ती आज्ञा द्यावी. एकच शब्द कधी ‘ये’, कधी ‘गप्प बस’, तर कधी ‘काय केलेस हे!’ अशा अर्थांनी वापरला गेल्यास श्वानाच्या दृष्टीने त्यास कोणताच अर्थ उरत नाही.

माणसाप्रमाणे ‘मोती म्हणजे मी’ अशी जाणीव श्वानास आहे किंवा नाही, या प्रश्नात प्रशिक्षणासाठी शिरण्याची गरज नाही. ‘मोती’ हा आवाज झाला की त्या माणसाकडून काहीतरी हिताचे घडते, एवढा संबंध त्याच्या मनात पक्का होणे पुरेसे आहे. या अर्थाने नाव हे मालकाने श्वानास दिलेले वचन आहे. वचन जितक्या वेळा पाळले जाईल तितकी नावाची पत वाढते आणि मोडले जाईल तितकी ती घटते. या लेखातील सर्व सूचना याच एका तत्त्वातून निघालेल्या आहेत.

शास्त्रीय आधार

पचनसंस्थेवरील कार्यासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी श्वानांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की एखाद्या निरर्थक आवाजापाठोपाठ वारंवार अन्न मिळाल्यास काही काळाने केवळ त्या आवाजानेच श्वानास लाळ सुटते. नाव शिकवण्याच्या पहिल्या टप्प्यात हेच तत्त्व वापरले जाते. दुसरे तत्त्व असे, की ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो. श्वानाने मान वळवली व लगेच बक्षीस मिळाले, तर मान वळवण्याची सवय दृढ होते.

या दोहोंची उलट बाजूही ध्यानात घ्यावी. आवाजामागून काहीच घडत नसेल, तर प्राणी त्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. रेल्वेमार्गालगत राहणाऱ्या माणसास काही दिवसांनी गाडीचा आवाज जाणवेनासा होतो, त्याप्रमाणे दिवसातून पन्नास वेळा कारणाविना उच्चारलेले नाव श्वानाच्या लेखी पार्श्वभूमीचा गोंगाट ठरतो. आवाजामागून मार किंवा दरडावणी येत असेल, तर नाव हीच भीतीची खूण बनते.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांच्या बोलण्याच्या गोंगाटात श्वान स्वतःचे नाव इतर नावांपासून वेगळे ओळखतात काय, हे तपासले. गोंगाट नावाच्या आवाजाइतकाच असताना श्वानांनी नाव ओळखले. गोंगाट नावापेक्षा मोठा झाल्यावर मात्र त्यांना ते जमले नाही. सुरू असलेल्या मळणी यंत्राजवळून किंवा ट्रॅक्टरवरून दिलेल्या हाकेस प्रतिसाद न मिळणे म्हणजे अवज्ञाच होय, असे समजू नये.

प्रौढ श्वानाची पूर्वपीठिका

पिल्लू कोऱ्या पाटीसारखे असते. प्रौढ श्वानाच्या पाटीवर आधीच बरेच लिहिलेले असते. म्हणून प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी पुढील माहिती शक्य तेवढी मिळवावी.

१. जुने नाव कोणते होते व ते कोणत्या सुरात घेतले जात असे? जुने नाव घेताच कान मागे जाणे, शेपूट पायांत जाणे, ओठ चाटणे, अंग आकसणे ही लक्षणे दिसल्यास त्या नावाशी भीती जोडलेली आहे असे समजावे. ते नाव पुन्हा वापरू नये. कान टवकारून शेपूट सैल हलत असल्यास जुने नावच ठेवणे श्रेयस्कर, कारण निम्मे काम झालेलेच असते.

२. पूर्वीचे घर कोणत्या भाषेचे होते? बागलकोट जिल्ह्यातून आणलेल्या मुधोळ श्वानाने जन्मापासून ‘बा’ अशी कानडी हाक ऐकलेली असू शकते. तमिळ घरातील श्वानाच्या कानावर ‘वा’, तर हिंदी घरातील श्वानाच्या कानावर ‘आ’ पडलेले असते. अशा श्वानास मराठी घरातील ‘ये’ अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. सीमाभागात व महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी शेतकरी कुटुंबांत घरची भाषा एक व मजुरांची दुसरी असते. तेथे ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

३. श्वान कधी मोकाट होता काय? वस्तीवर फिरलेल्या श्वानाने माणसाच्या तोंडून सर्वाधिक ऐकलेला शब्द बहुधा ‘हाड’ हाच असतो. माणसाचा आवाज म्हणजे पळून जाण्याची सूचना, हा त्याचा अनुभव असतो व तो पुसण्यास अधिक काळ लागतो.

४. श्वानास ऐकू येते काय? श्वान पाठमोरा असताना, त्यास दिसणार नाही अशा ठिकाणाहून टाळी किंवा भांड्याचा आवाज करावा. भित्र्या श्वानाबाबत आवाज सौम्य ठेवावा. कानाची हालचालही न झाल्यास कर्णसंसर्ग, गोचिडी, कानातील मळ किंवा वयोमानानुसार आलेले बहिरेपण यांसाठी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.

प्रशिक्षणापूर्वीची तयारी

(अ) आरोग्य : लसीकरणाचा लेखी पुरावा नसल्यास लसीकरण झालेले नाही असे गृहीत धरून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रेबीज प्रतिबंधक व अन्य आवश्यक लसी द्याव्यात आणि पुढील मात्रांचे वेळापत्रक पाळावे. जंतनिर्मूलन व गोचीड नियंत्रण करून घ्यावे. वेदनाग्रस्त किंवा ज्वरग्रस्त श्वान शिकू शकत नाही.

(आ) स्थिरावण्याचा काळ : नव्या जागी आलेल्या श्वानास पहिले काही दिवस सुरक्षित कोपरा, ठरावीक वेळी अन्न-पाणी आणि शांतता द्यावी. पाहुण्यांची गर्दी, मुलांचा गराडा व सक्तीचे लाड टाळावेत. श्वान शांतपणे खाऊ-पिऊ व झोपू लागल्यानंतरच धडे सुरू करावेत. काहींना यास दोन-तीन दिवस लागतात, तर काहींना दोन-तीन आठवडे.

(इ) नावाची निवड : नाव दोन अक्षरांचे, स्पष्ट उच्चाराचे आणि मोकळ्या स्वराने संपणारे असावे. मोती, शेरू, वाघ्या ही परंपरागत नावे या कसोटीस उतरतात. नाव ‘बस’, ‘चल’, ‘ये’, ‘हाड’ या शब्दांशी मिळतेजुळते नसावे. घरातील व्यक्ती, दुसरा श्वान किंवा बैल यांच्या नावाशीही त्याचे साम्य नसावे. ज्या गोठ्यात सर्जा-राजाची जोडी आहे, तेथे श्वानाचे नाव ‘राजा’ ठेवल्यास औत हाकताना दिवसभर त्याचेच नाव उच्चारले जाते व त्यास काहीच मिळत नाही.

(ई) खाऊ : उकडलेल्या अंड्याचे, पनीरचे किंवा उकडलेल्या हाडविरहित कोंबडीच्या मांसाचे हरभऱ्याएवढे तुकडे उपयुक्त ठरतात. शांत जागी भाकरीचे तुकडेही चालतात, परंतु व्यत्यय वाढल्यावर अधिक रुचकर खाऊ लागतो. असा खाऊ दैनंदिन आहाराच्या सुमारे दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे व बेदाणे श्वानास विषारी आहेत. नाशिक, सांगली यांसारख्या द्राक्षपट्ट्यात बेदाणे सहज हाताशी असतात, म्हणून मुलांना याची विशेष ताकीद द्यावी. शिजवलेली हाडेही देऊ नयेत, कारण त्यांच्या टोकदार कपच्या आतड्यास इजा करतात.

(उ) कुटुंबाचे एकमत : नाव एकच, उच्चार एकच आणि नियम एकच असावेत. आजोबांनी ‘मोत्या’, मुलांनी ‘मोटू’ व गड्याने ‘ए कुत्र्या’ म्हणावयाचे, असे असल्यास शिक्षण लांबते. ठरलेले नाव व नियम कागदावर लिहून ओसरीवर लावावेत.

जुने नाव बदलणे

नवे नाव ठेवावयाचे असून जुन्या नावाशी भीती जोडलेली नसेल, तर आधी नवे नाव, लगेच जुने नाव आणि मग खाऊ असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, ‘मोती… टायगर’ आणि खाऊ. हा क्रम उलटा करू नये. जुने नाव आधी आल्यास श्वान त्यावरच प्रतिसाद देऊन मोकळा होतो व नवे नाव ऐकण्याचे त्यास कारण उरत नाही. काही दिवसांनी नव्या नावावरच मान वळू लागली की जुने नाव गाळावे.

प्रशिक्षणाचे टप्पे

प्रत्येक सत्र दोन ते तीन मिनिटांचे असावे. एका सत्रात सहा ते दहा हाका आणि दिवसातून दोन किंवा तीन सत्रे पुरेशी होतात. श्वान भुकेला असावा, मात्र उपाशी नसावा. दहापैकी किमान आठ हाकांस तत्काळ प्रतिसाद मिळाल्यानंतरच पुढील टप्प्यावर जावे.

टप्पा १ – नाव आणि खाऊ यांची सांगड : शांत खोलीत किंवा ओसरीवर श्वानापासून दोन हातांवर बसावे. प्रसन्न, नेहमीच्या आवाजात एकदाच नाव घ्यावे व सुमारे एका सेकंदात खाऊ द्यावा. श्वानाने काहीही करणे या टप्प्यात अपेक्षित नाही. दोन हाकांमधील अंतर कमी-अधिक ठेवावे, म्हणजे तो लयीवरून अंदाज बांधणार नाही.

येथे एक बारकावा निर्णायक आहे. नाव घेण्याआधी हात खिशाकडे किंवा डब्याकडे गेल्यास श्वान हाताची हालचाल शिकतो, नाव शिकत नाही. अशा श्वानाचा प्रतिसाद घरात उत्तम दिसतो, पण रानात हात दिसत नसताना तो ढिम्म राहतो. म्हणून नाव पूर्ण उच्चारून होईपर्यंत हात स्थिर ठेवावा आणि त्यानंतरच हलवावा.

टप्पा २ – मान वळवणे : श्वान दुसरीकडे पाहत असताना नाव घ्यावे. त्याने मान वळवताच ‘शाब्बास’ असा ठरावीक खूणशब्द उच्चारून खाऊ द्यावा. नेमक्या कोणत्या क्षणासाठी बक्षीस मिळाले, हे खूणशब्दामुळे श्वानास कळते. दोन-तीन सेकंदांत प्रतिसाद न आल्यास नाव पुन्हा घेऊ नये. थोडे जवळ जावे, काही क्षण थांबावे आणि तो किंचित मोकळा झाल्यावर नव्याने एकदाच हाक द्यावी.

भित्र्या श्वानासाठी थेट नजरेस नजर देणे हे धमकीसारखे असते. त्याच्याकडून डोळ्यांत पाहण्याची अपेक्षा करू नये. कान वळणे किंवा मान किंचित फिरणे हाही पूर्ण प्रतिसाद मानावा. प्रशिक्षकाने त्याच्या अंगावर वाकू नये, तिरके बसावे आणि खाऊ हातातून देण्याऐवजी त्याच्या पायांजवळ टाकावा.

टप्पा ३ – अंतर व जागा : ओसरीवर शिकलेली गोष्ट अंगणात आपोआप लागू होते असे नाही, कारण श्वान शब्दाबरोबर जागाही शिकतो. अंतर एक पाऊल, तीन पावले, दहा पावले असे वाढवावे. जागा बदलताच अंतर पुन्हा कमी करावे. बसून, उभे राहून, पाठमोरे राहून आणि दाराआडून हाक देऊन पाहावी.

टप्पा ४ – घरातील इतर व्यक्ती : आता प्रत्येक सदस्याने पहिल्या टप्प्यापासून थोडक्यात उजळणी करावी. ज्याच्यावर रात्रीच्या राखणीची जबाबदारी आहे, त्याने हा टप्पा टाळू नये. लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच व खाऊ जमिनीवर टाकूनच सराव करावा.

टप्पा ५ – व्यत्यय : प्रथम दूरवर बांधलेली शेळी, मग मोकळ्या कोंबड्या, बंद ट्रॅक्टर आणि शेवटी चालू ट्रॅक्टर असा क्रम ठेवावा. या टप्प्यात छातीपट्ट्यास पाच ते दहा मीटर लांबीची दोरी जोडावी. लांब दोरी गळपट्ट्यास जोडल्यास धावत्या श्वानाच्या मानेस हिसका बसतो. दोरीने श्वानास ओढत आणू नये. तो दूर पळू नये, एवढाच तिचा उपयोग आहे. द्राक्षबागेत किंवा उसात दोरी अडकते, म्हणून मोकळे रान निवडावे.

मुधोळ, चिप्पीपराई यांसारख्या नजरेने सावज टिपणाऱ्या जातींचे श्वान एकदा पाठलाग सुरू झाला की हाकेस क्वचितच दाद देतात. सावजावर नजर स्थिरावली, शरीर ताठ झाले, परंतु पाय अद्याप हललेले नाहीत, तो क्षण ओळखून नाव घ्यावे.

टप्पा ६ – बक्षिसात विविधता : प्रतिसाद पक्का झाल्यावर खाऊऐवजी कधी पाठ थोपटणे, कधी मोकळे सोडणे, कधी गोठ्याच्या फेरीस सोबत नेणे अशी बक्षिसे द्यावीत. बक्षीस सर्वस्वी बंद मात्र करू नये. कठीण प्रसंगी, उदाहरणार्थ सापापासून किंवा रस्त्यापासून वळून आलेल्या श्वानास, घरातील सर्वांत आवडता खाऊ द्यावा.

नाव समजले किंवा नाही, याची चाचणी

श्वान नावास प्रतिसाद देतो की केवळ मालकाच्या आवाजास, हे तपासणे सोपे आहे. त्याच सुरात नावाऐवजी ‘पाटी’, ‘गाडी’ असे दोन अक्षरी शब्द उच्चारावेत व खाऊ देऊ नये. मधूनमधून नाव घ्यावे व त्यावर खाऊ द्यावा. सर्व शब्दांवर मान वळत असल्यास श्वानाने केवळ सूर ओळखला आहे. काही दिवस अशी सरमिसळ केल्यावर तो नाव वेगळे काढू लागतो. हा फरक शिकणे आवश्यक आहे, कारण घाबरलेल्या माणसाचा सूर बदलतो. संकटसमयी नेहमीचा लाडिक सूर राहत नाही, शब्द तेवढा तोच असतो.

नावाची पत राखणे

१. नाव एकदाच घ्यावे. ‘मोती, मोती, अरे मोती’ अशी माळ लावल्यास पहिल्या दोन हाकांकडे दुर्लक्ष करावयाचे असते, हे श्वान शिकतो.

२. नाव घेऊन रागावू नये. चूक थांबवण्यासाठी ‘नाही’ किंवा ‘सोड’ हे शब्द वेगळे शिकवावेत.

३. नाव घेऊन औषध पाजणे, आंघोळ घालणे, गोचीड काढणे यांसाठी बोलावू नये. अशा वेळी आपण स्वतः श्वानाजवळ जावे.

४. साखळीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. रोज सकाळी हाक देऊन श्वानास बांधले जात असल्यास आठवड्याभरात तो सकाळच्या हाकेस येणे सोडतो. यावर उपाय असा, की दिवसातून अनेकदा हाक द्यावी, खाऊ द्यावा व पुन्हा मोकळे सोडावे. बांधावयाचे असेल तेव्हा न बोलावता जवळ जाऊन बांधावे व बांधल्यावर अन्न द्यावे. श्वानास अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, तसेच सतत बांधलेल्या श्वानास फिरवण्याची टाळाटाळ करणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये अपराध आहे.

५. गप्पांत नाव वापरू नये. पाहुण्यांस श्वानाविषयी सांगताना ‘आमचा कुत्रा’ म्हणावे.

६. उशिरा आलेल्या श्वानास मारू नये. तो पळून गेला होता म्हणून आपण रागावतो, परंतु मार त्याच्या परत येण्यास जोडला जातो. अर्ध्या तासाने आलेल्या श्वानाचेही स्वागतच करावे आणि पुढील सरावात व्यत्यय कमी करावा.

नावाकडून बोलावण्याकडे

नावावर मान वळणे पक्के झाल्यावर ‘ये’ ही आज्ञा जोडावी. नाव घ्यावे, श्वानाने पाहताच ‘ये’ म्हणून दोन-चार पावले मागे सरावे. मागे सरणारा माणूस श्वानास आपल्याकडे ओढून घेतो, तर अंगावर चालून येणारा माणूस त्यास दूर ढकलतो. जवळ आल्यावर खाऊ देत असतानाच दुसऱ्या हाताने गळपट्टा अलगद धरण्याची सवय लावावी, अन्यथा ऐन वेळी श्वान हातभर अंतरावर थांबून हुलकावणी देतो.

वारंवार आढळणाऱ्या अडचणी

| अडचण | संभाव्य कारण | उपाय |
|---|---|---|
| घरात ऐकतो, रानात नाही | व्यत्यय एकदम वाढला | टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात. अधिक रुचकर खाऊ |
| खाऊ दिसला तरच ऐकतो | नावाआधी हात हलतो | खाऊ दूर डब्यात ठेवणे. आधी नाव, मग हात |
| एकाच व्यक्तीचे ऐकतो | इतरांनी सराव केला नाही | टप्पा ४ ची पुनरावृत्ती |
| नाव घेताच दूर जातो | नावाशी भीती जोडली गेली | नवे नाव; टप्पा १ पासून संथ प्रारंभ |
| खाऊस तोंड लावत नाही | भीती किंवा आजार | सराव थांबवणे. आरोग्य तपासणी |

बहिऱ्या श्वानाबाबत नावाऐवजी हाताची ठरावीक खूण किंवा जमिनीवर पाय आपटल्याचा कंप वापरता येतो. टप्पे तेच राहतात. कळपरक्षक श्वान स्वतःच्या निर्णयाने काम करण्यासाठी जोपासलेले असतात. त्यांचा प्रतिसाद संथ असला तरी तो अवज्ञा मानू नये.

धोक्याची सूचना : नावास उत्तम प्रतिसाद देणारा श्वान अकस्मात प्रतिसाद देईनासा झाला, एकलकोंडा किंवा आक्रमक झाला, लाळ गळू लागली, गिळता येईनासे झाले किंवा आवाज बदलला, तर त्यास प्रशिक्षणाचा प्रश्न समजू नये. ही रेबीजची लक्षणे असू शकतात. घशात हाड अडकले असेल या समजुतीने त्याच्या तोंडात हात घालू नये. त्यास दूर ठेवून तत्काळ पशुवैद्यकास कळवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेस लाळेचा स्पर्श झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. जखमेवर हळद, चुना किंवा मिरची लावू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

या विषयाचे प्रात्यक्षिक मेळाव्याच्या गर्दीत अनोळखी श्वानावर घेऊ नये. त्यातून काही शिकवता येत नाही व चाव्याचा धोका मात्र संभवतो. शेतकऱ्याच्या वस्तीवर, त्याच्याच श्वानासह आणि त्याच्याच हातून प्रात्यक्षिक घ्यावे. चार-पाच निरीक्षकांना पंधरा-वीस फुटांवर बसवावे.

त्याआधी श्वानाविना सराव करून घ्यावा. शेतकऱ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने नाव उच्चारून हरभऱ्याचा दाणा वाटीत टाकावा आणि दुसऱ्याने हात नावाआधी हलला काय, एवढेच पाहावे. दहा वेळा केल्यावर आपला हात किती उतावळा आहे, हे प्रत्येकास स्वतःच उमगते. ही चूक येथे सुधारली, तर श्वानाचा गोंधळ वाचतो.

कुटुंबास एक साधी नोंदवही ठेवण्यास सांगावे. दिनांक, जागा, हाक देणाऱ्याचे नाव, व्यत्यय आणि दहापैकी किती हाकांस प्रतिसाद मिळाला, एवढे रकाने पुरेसे आहेत. ‘ऐकत नाही’ या तक्रारीचे रूपांतर ‘अंगणात दहापैकी नऊ, बांधावर दहापैकी तीन’ अशा नोंदीत झाले, की उपाय कोठे करावयाचा हे स्पष्ट होते. दुसऱ्या भेटीत ही वही पाहूनच सल्ला द्यावा. लसीकरणपत्राची तपासणीही त्याच भेटीत करावी.

समारोप

नव्या घरी आलेला प्रौढ श्वान शिकू शकत नाही, हा समज निराधार आहे. त्यास पिल्लापेक्षा अधिक वेळ लागू शकतो, कारण नवे शिकण्याबरोबर जुने विसरण्याचे कामही त्यास करावे लागते. रोज सहा ते नऊ मिनिटे, मूठभर खाऊ आणि कुटुंबाची एकवाक्यता एवढ्या भांडवलावर साधारणतः काही आठवड्यांत शेतावर उपयोगी पडेल असा प्रतिसाद मिळू लागतो. आमिषाच्या बिळाकडे किंवा विहिरीच्या काठाकडे निघालेला श्वान एका हाकेवर वळला, तर या श्रमांचे चीज झाले असे समजावे. त्या दिवसापर्यंत नाव जपून वापरावे व प्रत्येक हाकेमागील वचन पाळावे.